यादीत नसलेला एइनो

नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, मी डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते आणि फोनवर मेल आला. पाठवणारा कॉनर, म्हणजे आमच्या क्लायंटचा मुलगा. मेल फिनलंडमधल्या एका गावच्या दफनभूमीतून आला होता. त्यात दोनच वाक्यं होती. ‘ते इथे नाहीत. मॅमने प्रत्येक रांग दोनदा बघितली.’

मॅम म्हणजे त्याची आई, आउने. वय शहाऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही. ती बाई बर्फात वॉकर ढकलत रांगेरांगेतून वडिलांचं नाव शोधत होती, आणि तिला तिथे पाठवलं होतं मी. पुढे किती शिट्ट्या झाल्या मला आठवत नाही. भात करपला एवढं खरं.

माझं काम आधी सांगते. पुण्यात बारा वर्षं मी एका वकिलांकडे सर्च रिपोर्ट करत होते. जमीन विकत घेण्याआधी ती मागच्या तीस वर्षांत कुणाकुणाच्या नावावर होती हे सरकारी दफ्तरात बघून लिहून द्यायचं, याला सर्च म्हणतात. नवऱ्याला डब्लिनमध्ये आयटीतली नोकरी लागली, मी डिपेंडंट म्हणून आले, दोन वर्षं घरात बसून वैतागले आणि शेवटी बॉल्सब्रिजमधल्या एका छोट्या ऑफिसात चिकटले. आम्ही लोकांचे पूर्वज शोधून देतो. आधी जमिनीचे मालक शोधायचे, आता माणसांचे आजे-पणजे. धूळ तेवढीच, फक्त ती आता स्क्रीनवर दिसते.

आउने आमच्याकडे आली ती मागच्या सप्टेंबरात. आली म्हणजे मीच तिच्याकडे गेले, डून लेरीला, समुद्राच्या अंगाला असलेल्या तिच्या छोट्या घरी. जन्म फिनलंडचा. विशीत आयर्लंडला आली, इथल्या माणसाशी लग्न केलं, इथलीच झाली. तिचे वडील एइनो दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर होते. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात फिनलंडची आघाडी कोसळली, तेव्हा आउने पाच वर्षांची होती. वडील परत आले नाहीत. आईला विचारलं की आई म्हणायची, ‘तिकडेच राहिले.’ याच्यापुढे एक अक्षर नाही.

फिनलंडची एक पद्धत आहे. युद्धात पडलेल्या सैनिकाचा देह शक्यतो त्याच्या गावी पाठवत असत. गावच्या चर्चशेजारी त्यांच्यासाठी वेगळी जागा असते, सारख्या दगडांच्या सरळ रांगा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरोघरची माणसं तिथे जाऊन मेणबत्ती लावतात. आउनेच्या वर्गातल्या बिनबापाच्या सगळ्या मुली जायच्या. ही कधीच गेली नाही.

‘मला एकदा तिथे मेणबत्ती लावायची आहे,’ ती म्हणाली. ‘फक्त कुठे ते सांग.’

बोलता बोलता तिने चहाबरोबर मला एक लाकडी डबी दाखवली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्या प्रेसमध्ये, पिठाच्या डब्याशेजारी ती असायची. झाकणावर कोरलेलं नाव, आउने. आघाडीवर महिनोन् महिने खंदकात बसून असलेले सैनिक चाकूने असल्या वस्तू करत. वडिलांनी तुझ्यासाठी करून पाठवली, असं आईने सांगितलं होतं. आता आत शर्टांची बटणं होती.

मी वहीत सगळं लिहून घेतलं. त्यात एक ओळ अशी होती: ‘आई कबरीवर जात नसे. त्या संध्याकाळी पडदे ओढून घेई.’ लिहिलं आणि पुढे गेले. लहानपणापासून मी तेच बघत आले आहे. माझे वडील गेले तेव्हा आई आणि मी दारापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. बाई स्मशानात गेली नाही, यात विचारण्यासारखं मला काही दिसलंच नाही.

फिनलंडचं काम तसं सोपं असतं. युद्धात मेलेल्यांची यादी ऑनलाइन आहे: नाव, गाव, कुठे पडला, कुठे पुरला. शिवाय प्रत्येक सैनिकाचं सर्व्हिस कार्ड असतं. भरती कधी झाला, कुठल्या तुकडीत होता, काय लागलं, शेवटी काय झालं, सगळं एका कार्डावर. सातबाऱ्यावर जसा जमिनीचा जन्म दिसतो, तसा त्या कार्डावर माणूस दिसतो. एइनोचं कार्ड मी हेलसिंकीच्या सरकारी अभिलेखागाराकडे मागितलं. उत्तर आलं, वेळ लागेल.

तोवर मी यादी बघितली. यादीत एइनो नव्हता.

इथे मी माती खाल्ली. पुण्यात इंडेक्सच्या रजिस्टरची अर्धी पानं फाटलेली असायची. प्रत्येक सर्च रिपोर्टच्या खाली आम्ही छापीलच लिहायचो की काही पानं फाटलेली व गहाळ आहेत. नोंद सापडली नाही तर पान फाटलं असणार, हे माझ्या हाडात मुरलेलं. इथेही मी तेच धरलं. माघारीत एवढी पळापळ चालू होती, एखादं नाव सुटलं असेल.

नोव्हेंबरात कॉनरचा फोन आला. आईची तब्येत बघता पुढचा नाताळ कुणी बघितलाय, जे असेल ते आत्ता द्या. माझा बॉस डेक्लन म्हणाला, ‘ग्रँड, इंटरिम रिपोर्ट पाठवून दे.’ इथे ‘ठीक आहे’ला ग्रँड म्हणतात. मी लिहिलं की कार्ड यायचं आहे, पण एइनो आघाडीवर पडला असावा आणि गावच्या सैनिकांच्या दफनभूमीत असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. ‘शक्यता’ हा शब्द मी घातला होता. मनातल्या मनात मी तो पुढे बरेच दिवस ढालीसारखा धरून हिंडले. पण ऐंशी वर्षं वाट बघणारी बाई शक्यता वाचत नाही, पत्ता वाचते. त्यांनी तिकिटं काढली.

नाताळनंतर ऑफिस उघडलं त्या सकाळी डेक्लनने माझी वही मागितली. पानं उलटत तो एका ओळीवर थांबला.

‘आई कबरीवर जात नसे. का, ते तू विचारलं नाहीस?’

‘आमच्याकडे बायका जात नाहीत.’

‘पण ही बाई तुमच्याकडची नाही, वैशाली.’

त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला की अख्खं गाव जिथे जातं तिथे एकच विधवा जात नाही, तर तिला काहीतरी माहीत असणार. मी वॉशरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नळ सोडून उभी राहिले. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

जानेवारीत कार्डाचा स्कॅन आला. मला फिनिश येत नाही. आमच्यासाठी हे काम रीत्ता करते, टाम्पेरेची निवृत्त शाळामास्तरीण. व्हिडिओ कॉलवर तिने कार्ड वरून खाली वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

‘त्याला शत्रूने मारलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘इथे लष्करी कोर्टाचा नंबर आहे. ती फाइल मागव.’

फाइल आली. चार कागद होते. त्या उन्हाळ्यात माघार सुरू झाली तेव्हा मोर्चा सोडून पळणाऱ्यांना जरब बसावी म्हणून फिनलंडच्या सैन्याने आपल्याच काही माणसांना गोळ्या घातल्या. त्यांत एइनो होता. तोफांच्या माऱ्यात त्याची तुकडी विखुरली. तो दोन दिवस पश्चिमेकडे चालत राहिला आणि एका गोठ्यात झोपलेला सापडला. कुठे निघाला होतास, या प्रश्नाचं उत्तर लिहिलं आहे: घरी. का, या प्रश्नापुढे लिहिलं आहे की आरोपीला सांगता आलं नाही. मग निकाल आणि अंमलबजावणी झाल्याची एक ओळ. पुरलं कुठे, ते नाही. चौथा कागद त्याच्या सामानाचा होता.

डेक्लन म्हणाला, सगळं कॉनरला पाठव. आईला सांगायचं की नाही ते मुलाला ठरवू दे. मी म्हटलं, ‘फॉर्मवर सही मुलाची नाही, तिची आहे. मी चुकीचं तिला सांगितलं, बरोबरही तिलाच सांगणार.’ कॉनरला फोन करून मी एवढंच सांगितलं की बातमी वाईट आहे आणि त्याने तिथे असावं.

शनिवारी सकाळी अकराला मी डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, डून लेरीला पोचले. आउने स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर दफनभूमीत लावतात तसली जाडजूड मेणबत्ती होती, प्लॅस्टिकच्या आवरणासकट. लावायला जागाच सापडली नाही म्हणून तिने ती तशीच बॅगेतून परत आणली होती.

मी आधी माफी मागितली. मग आडवळण न घेता सांगितलं. आडवळण घेतलं असतं तर मलाच सांगता आलं नसतं. कॉनर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आउने रडली नाही. तिने हात पुढे केला, ‘कागद दे.’ फिनिश तिला अजून वाचता येत होतं. पहिले तीन कागद तिने मनात वाचले. चौथा मोठ्याने वाचायला लागली, एकेक वस्तू आधी फिनिशमध्ये, मग माझ्यासाठी इंग्रजीत. घड्याळ एक. चाकू एक. पत्रं दोन. लाकडी डबी, झाकणासह, एक.

तिथे ती थांबली. खाली सामान मिळाल्याची पोच होती आणि तिच्या आईची सही.

कॉनरने न सांगता प्रेस उघडला आणि डबी आणून तिच्यापुढे ठेवली. आउनेने सगळी बटणं टेबलावर ओतली आणि डबीचा तळ बघितला. तळाशी काही नव्हतं. एक बटण घरंगळत खाली गेलं, ते कुणी उचललं नाही.

‘त्यांनी पाठवली नव्हती,’ ती म्हणाली. ‘ही या कागदाबरोबर आली. आईला सगळं माहीत होतं.’ मग म्हणाली, ‘ती मला तिकडे नेत नाही म्हणून जन्मभर मी तिच्यावर चिडून होते. ती गेली तेव्हाही चिडलेलीच होते. नेणार कुठे होती ती मला?’

मला हुंदका आला. तो तिच्यासमोर यायला नको होता, पण आला. तिने तिच्याच पुढ्यातला टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

निघताना मी मूर्खासारखं विचारलं, मेणबत्ती आत्ता इथेच लावू या का. आउनेने नकारार्थी मान हलवली.

‘ही कबरीवर लावायची आहे. तू मला कागद आणून दिलास.’

शब्द कडू होते आणि बरोबर होते. तिने बटणं परत भरली नाहीत. रिकामी डबी आणि मेणबत्ती शेजारी शेजारी प्रेसमध्ये ठेवली.

फायनल रिपोर्ट मी दोन पानांचा लिहिला. दफनस्थान: नोंद नाही. ‘शक्यता’ हा शब्द कुठेही नाही. रीत्ता अजून त्या तुकडीच्या पाद्र्याचे कागद शोधते आहे; मेलेल्यांना पुरायचं काम त्याच्याकडे असे. मी दर महिन्याला डून लेरीला फोन करते आणि अजून काही नाही असं सांगते. आउने म्हणते, ‘ग्रँड,’ आणि फोन ठेवते.

आमच्या ऑफिसच्या इंटरव्ह्यू फॉर्मवर मी एक प्रश्न वाढवला आहे: घरातलं कोण कबरीवर जात नसे, आणि का? सर्च करणाऱ्याला सापडलेली नोंद वाचायला शिकवतात. नाव नसलं की पान फाटलं असेल, असं आपण आपल्या सोयीने धरतो. त्या यादीचं पान फाटलेलं नव्हतं. एइनोचं नाव कुणीतरी विचार करूनच गाळलं होतं.