ज्यानं ब्रेक केला, त्यानं शेजारी बसायचं

जुनी मिलिटरी जीप विकत घेतली की तिच्याबरोबर एक स्टेपनी, एक जॅक आणि भरपूर किस्से फुकट मिळतात. स्टेपनी पंक्चर असते, जॅक गंजलेला असतो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून चालू! गाडी गॅरेजमधून हलत नाही, पण किस्से गावभर फिरून येतात.

कोल्हापुरात आमची चौघांची टोळी आहे. आठवडाभर आपापला धंदा बघायचा आणि रविवारी उचगावच्या शेडमध्ये जमायचं. लष्करानं कंटाळून लिलावात काढलेल्या गाड्या पुन्हा उभ्या करायच्या, असा हा नाद. आमच्या घरचे या नादाला वेगळा शब्द वापरतात, तो इथं लिहिता येणार नाही.

शेड डॉक्टरांची. डॉक्टर म्हणजे गुरांचे. यासीनभाई जीपचे कापडी हूड आणि सीटा शिवतात, त्यांचा वडिलांपासूनचा धंदा. मी सुभाष, माझं भांड्यांचं दुकान. आणि चौथे अण्णा! हायस्कूलला पी.टी.चे सर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून बोलतात ते ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. काकू गेल्या, मुलगा बंगळूरला. त्यामुळं आम्ही रविवारी येतो, अण्णा रोज येतात. आमच्या सगळ्या गाड्यांचे ब्रेक अण्णांनी केलेले. त्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावला तर शिट्टी न वाजवता आउट!

आता या टोळीचा एक नियम आहे. त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

* * *

डॉक्टरांच्या पहिल्या जीपचे ब्रेक एका गॅरेजवाल्यानं केले होते. तो भला माणूस आमच्याबरोबर जोतिबाला आला, दर्शन घेतलं आणि निघताना म्हणाला, "मी मागनं येतो वडापच्या गाडीनं. तुमी जावा बिनघोर!"

डॉक्टर चालवत होते, मी शेजारी, अण्णा आणि यासीनभाई मागं. निम्मा डोंगर उतरलो आणि डॉक्टरांचा पाय पेडलसकट खाली गेला. पार तळाला! त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. गिअर ओरडतोय, गाडी पळतीय, समोरून एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन चालली आहे. अण्णा मागनं ओरडले, "ए आज्जे, बाजूला!" त्या आवाजानं म्हातारीच काय, रस्त्यातली कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

पायथ्याला सपाटी लागली तसं डॉक्टरांनी स्टिअरिंग वळवलं आणि जीप सरळ उसात घातली. कडाकड ऊस मोडत आम्ही आत, आत, आत... आणि थांबलो. हिरवा अंधार. तेवढ्यात समोरचा ऊस बाजूला सारून शेतकरी आला. गाडी बघितली, आम्हाला बघितलं आणि शांतपणे म्हणाला,

"पावणं, कारखान्याचं गाळप अजून सुरू झाल्यालं न्हाय!"

त्याच उसात उभं राहून अण्णांनी नियम केला. "हितनं पुढं ज्यानं ब्रेक केला, त्यानं पहिल्या उताराला शेजारी बसायचं. वर ऱ्हाऊन हात हलवायचा न्हाय!" आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रेकचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं.

* * *

यासीनभाईंच्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल डॉक्टरांनी आणि मी खोलला होता. पुन्हा जोडला, ग्रीस पुसलं, एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. यासीनभाई सीटवर बसले, बिस्मिल्ला म्हणाले आणि पहिला गिअर टाकून क्लच सोडला.

गाडी मागं!

शेडच्या मागं डॉक्टरांची विहीर आहे. यासीनभाईंना वाटलं चुकून रिव्हर्स पडला. त्यांनी घाईनं दुसरा टाकला, तर गाडी आणखी जोरात मागं! आम्ही दोघं गाडीबरोबर पळतोय, काय ओरडावं तेच कळेना. विहिरीचा कठडा जवळ येतोय. तेव्हा अण्णांचा आवाज आला, "यासीन, गिअर सोड! ब्रेक! ब्रेऽऽक!"

यासीनभाईंनी ब्रेक दाबला. मागचं चाक कठड्याला टेकलं, एक दगड सुटला आणि बऱ्याच वेळानं खाली पाण्यात वाजला. यासीनभाई खाली उतरले आणि तिथंच जमिनीवर बसले.

झालं होतं असं, की अ‍ॅक्सलच्या पोटातलं मोठं दातेरी चाक आम्ही उलट्या बाजूला बसवलं होतं. म्हणजे पुढं जायला एक गिअर आणि मागं जायला तीन!

अण्णांनी वाकून बघितलं. आमच्या दोघांकडं बघितलं. "ब्रेकचं बरं असतंय," म्हणाले. "पुढं जावा न्हायतर मागं, लागला म्हंजे झालं."

* * *

आता जरा वाईट वाटणारं सांगतो.

एका रविवारी चहा आला. अण्णांनी बशी उचलली आणि कप वाजायला लागला. किणकिण, किणकिण. अण्णांनी बशी खाली ठेवली, नुसता कप धरला. मग चहा सांडायला लागला. आम्ही तिघंही एकदम शेडच्या पत्र्याकडं बघायला लागलो, जसं काय तिथं काहीतरी लिहिलंय.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "अण्णा, एकदा दाखवून घेऊया का कुणाला?"

"तू म्हशींचा डॉक्टर हाईस. मला शिंगं न्हाईत."

"ब्रेकचं काम जरा नाजूक असतंय, म्हणून म्हटलं."

अण्णा उठले. शेजारचा पाना उचलून त्यांनी डॉक्टरांच्या समोर धरला. पानाही थरथरत होता आणि ते त्यांना दिसत होतं. "एकदा, फकस्त एकदा माझा ब्रेक लागला न्हाय, की त्या दिवशी हा पाना मी सोता तुमच्या हातात दीन आणि घरात जाऊन बसीन. पर त्याच्या आदी कोण घ्यायला आला, तर बघा!"

घरात जाऊन बसणं म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या घरात दोन खोल्या आणि एक टीव्ही आहे. माणूस महिन्यात संपला असता. आणि ब्रेक न लागणं म्हणजे काय, हेही आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवसापासून आमच्यातला जो तो उतार आला की मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागला. अण्णा ऐकतील म्हणून मोठ्यानं कुणी घेत नव्हतं.

* * *

पेठ वडगावचा बाजार. यासीनभाईंची जीप, अण्णांनी नुकतेच ब्रेक उघडून पुन्हा बसवलेले. भर गर्दीत मागच्या चाकापासून धूर निघायला लागला. काळा, घाणेरडा धूर! भाजीवाल्या ओरडायला लागल्या, "ए बाबा, पेटली, पेटली!"

यासीनभाईंनी गाडी बाजूला घेतली. धूर ब्रेकमधनंच येतोय असं चौघांनाही वाटलं. अण्णांचं तोंड पांढरंफटक पडलं. उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी माझा आधार घेतला नव्हता.

यासीनभाई आमच्या आधी गाडीखाली शिरले. बराच वेळ आत. बाहेर आले तेव्हा हातात जळका पट्टा होता. त्यांनी स्वतः शिवलेल्या हूडचा पट्टा! सुटून खाली सायलेन्सरवर पडला होता आणि तिथं जळत बसला होता.

तो पट्टा वर धरून यासीनभाई अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "माझी शिलाई उसवली! माझीच! अण्णांचा ब्रेक एक नंबर हाय!"

स्वतःचं काम उसवलं म्हणून एवढा खूश झालेला कारागीर मी अजून दुसरा बघितलेला नाही.

* * *

नृसिंहवाडीला गेलतो तेव्हा गर्दी होती म्हणून जीप उताराला लावायला लागली. खाली रस्ता, त्याच्या खाली नदी. हँडब्रेक ओढला, आम्ही दर्शनाला निघालो. अण्णा म्हणाले, "तुमी व्हा म्होरं, मी आलोच."

दर्शन झालं, प्रसाद झाला, अण्णांचा पत्ता नाही. परत येऊन बघतो तर हे पुढच्या चाकाला पाठ लावून उन्हात बसलेले! शेजारी फुलं विकणारी बाई टोपली घेऊन बसलेली. ती हसत होती.

"आजोबा, दर्शनाला न्हाय गेलासा? गाडी धरून बसलाय व्हय?"

अण्णा म्हणाले, "व्हय बाई. आज मीच हँडब्रेक हाय."

आम्ही पण हसलो. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

* * *

आणि मग माझी जीप तयार झाली.

ब्रेक अर्थातच अण्णा करणार. ब्रेकच्या ड्रमच्या आत एक छोटी, हट्टी स्प्रिंग असते. ती ताणून अडकवायला धडधाकट हातांनाही घाम फुटतो. अण्णांच्या हातातनं ती निसटायची, टणकन उडून पत्र्यावर आपटायची. अण्णा उठायचे, शोधून आणायचे, पुन्हा बसायचे. एकदा न राहवून मी हात पुढं केला.

"सुभ्या, हात मागं!"

मी हात मागं घेतला. डॉक्टर बाहेर निघून गेले. यासीनभाई आमच्याकडं पाठ करून हूड शिवत बसले. नंतर बघितलं, तर सुईत दोराच नव्हता. तिन्हीसांजेला अण्णा उठले, हात पुसले आणि म्हणाले, "झालं. रविवारी गगनबावड्याचा घाट उतरायचा."

डॉक्टरांचा फोन आला. "सुभाष, ऐक माझं. आधी एकदा दुसऱ्याला दाखव. गुपचूप."

खोटं कशाला सांगू, मी गेलतो. एका गॅरेजच्या दारात जीप उभी केली. मेकॅनिक बाहेर आला, "काय काम हाय सायेब?" ब्रेक बघ, एवढं दोनच शब्दांचं काम होतं. पण ते अण्णांना कुठनं तरी कळलं असतंच. मला तो टीव्ही आणि त्या दोन खोल्या दिसल्या. मी म्हटलं, "टायरातली हवा बघा जरा." त्यानं हवा बघितली आणि मी घरी आलो.

रविवारी बायको म्हणाली, "पोरं पण येतो म्हणताहेत, मागं बसतील."

"नको!" असा ओरडलो, की शेजारचे गॅलरीत आले.

घाटाच्या तोंडाशी अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून. मागं डॉक्टरांची जीप, त्यात यासीनभाई. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मी दुसरा गिअर टाकला आणि उतरायला लागलो. ब्रेकवर पाय ठेवायचं धाडस होईना. ठेवला आणि तळाला गेला तर? गेला तर आम्ही दोघं संपलो, आणि समजा आम्ही वाचलो, तरी अण्णा संपले. इंजिन ओरडत होतं, गाडी गिअरवर धरून मी एकेक वळण काढत होतो. पाठीवरनं घाम ओघळत होता. अण्णा समोर बघत होते.

घाटातलं सगळ्यात अवघड वळण आलं. मी सहज डावीकडं बघितलं, तर अण्णांची मान खांद्यावर पडलेली. डोळे मिटलेले. तोंड उघडं.

"अण्णा!"

काही नाही.

"अण्णा! ओ अण्णा!!"

मान नुसती वळणाबरोबर हलली. मला काही सुचेना. गेले! माझ्या शेजारी बसून अण्णा गेले! दरी नाही, वळण नाही, मला काही दिसेना. दोन्ही पाय उचलले आणि जीव खाऊन ब्रेकवर दिले.

चारी चाकं किंचाळली. जीप जागच्या जागी, नाकासमोर, सरळ रेषेत उभी राहिली. मागं आणखी एक किंचाळी ऐकू आली. मग नुसता रबराचा वास.

अण्णांनी एक डोळा उघडला.

"लागला न्हवं?"

मी रडत होतो की हसत होतो, देव जाणे. अण्णा सीटवर नीट बसले, टोपी सरळ केली.

"मगाधरनं नुसता गिअरवर उतरवायलायस. ब्रेक काय पूजा करायला केलाय?"

मग मागं वळून बघितलं. आमच्या बंपरपासून वीतभर अंतरावर डॉक्टरांची जीप थांबली होती. डॉक्टर दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, डोळे फाडून आमच्याकडं बघत होते.

अण्णा म्हणाले, "त्याचाबी लागला की!"