चौथ्या पांढऱ्या पट्टीचा गांधार

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान हार्मोनियम दुरुस्त करीत. एरवी अबोल, पण सुराच्या बाबतीत कमालीचे हट्टी, आणि त्यांचा खरा जीव गांधारावर. ते म्हणत, "पेटीतले बारा सूर सोयीसाठी सारख्या अंतरांवर बसवलेत. तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गांधार त्याहून किंचित उतरलेला असतो. तो एकदा कानात बसला, की पेटीतला टोचतो."

म्हणूनच संगीतविद्यालयातील वृद्ध गुरुजींच्या पेटीचा गांधार त्यांनी हौसेने उतरवून दिला होता. गुरुजी पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज मानून गात. त्या हिशेबाने त्यांचा गांधार चौथ्या पांढऱ्या पट्टीवर येई. हे काम मेहुणे आपले सर्वोत्तम मानीत.

पुढे त्याच विद्यालयात गायनशिक्षिकेच्या जागेसाठी माझी भाची, म्हणजे त्यांची मुलगी, परीक्षेला बसली. तिच्या आधीचा उमेदवार गात असतानाच सभागृहातील पेटीचा भाता फाटला. परीक्षकांनी त्याला तोंडी प्रश्न विचारावयास घेतले, आणि तेवढ्यात गुरुजींनी स्वतःची पेटी आम्ही तिघे बसलो होतो त्या बाहेरच्या खोलीत आणवली. भाचीने नेहमीप्रमाणे पाचव्या काळ्या पट्टीवर षड्ज धरला, पंचम वाजवला आणि हात उचलला.

"बाबा, पंचम पडतोय."

मेहुण्यांचा चेहरा उतरला. गुरुजींच्या गांधाराची पट्टी हीच हिच्या पंचमाची पट्टी होती. गांधार थोडा उतरला तर गोड लागतो. पंचमाला केसभरही हलण्याची मुभा नाही, कारण षड्जाखालोखाल सारे सप्तक त्याच्यावर तोललेले असते.

"दुसऱ्या पट्टीत गाऊ?"

"वर गेलीस तर गळा फाटेल, खाली आलीस तर खर्ज लागायचा नाही."

"मग तुमच्या लाडक्या गांधारापायी माझी नोकरी गेली म्हणायची."

पेटीपाठोपाठ आलेले गुरुजी खेकसले, "बघत काय बसलात? तासा ती पत्ती."

"गुरुजी, तुमचा गांधार जाईल."

"माझा गळा शाबूत आहे अजून. तिथला कुठे जातोय?"

मेहुण्यांनी सदैव जवळ असणारी हत्यारे काढून पेटी उघडली. पट्टीखाली हवेने थरथरून सूर देणारी पितळी पत्ती मुळाशी तासली की सूर उतरतो, टोकाशी तासली की चढतो. मुळाशी ती आधीच त्यांच्याच हातून पातळ झालेली होती. तुटली असती तर पेटीत पंचमच उरला नसता. त्यांनी तिच्याखाली पत्र्याचा पातळ तुकडा सरकवला, श्वास रोखला आणि टोकावरून कानस फिरवली. भाचीने षड्ज-पंचम एकत्र वाजवले. दोन्ही सुरांत अजून थरथर होती.

शिपाई दारात आला. "चला, बोलावलंय."

"भाऊजी, पुरे आता," मी म्हणालो.

"मामा, जरा गप्प बसता?" भाची म्हणाली. "बाबा, अजून एकदा."

कानस पुन्हा फिरली. पत्ती वाकली. मी मान वळवली. मागून षड्ज आणि पंचम ऐकू आले, संथ, एकमेकांत विरघळलेले. भाचीने वडिलांच्या हातांखालून पेटी जवळजवळ ओढूनच आत नेली.

तिची निवड झाली. मेहुणे मात्र आठवडाभर खिन्न होते. अखेर हत्यारे घेऊन ते गुरुजींकडे गेले आणि म्हणाले, "दुसरी पत्ती बसवून तुमचा गांधार परत उतरवून देतो."

"राहू द्या," गुरुजी म्हणाले. "ती पेटी आता तिच्या वर्गात आहे."