लमीसला आठवत नसलेली दुपार

बत्रून गावच्या समुद्रकाठी एका क्लबात नुहाद बायकांची कपडे बदलायची खोली सांभाळायची. टॉवेल द्यायचे, ओली फरशी पुसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर संशय घ्यायचा. हे शेवटचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं.

जूनमध्ये बायकोला उचलून नेणाऱ्या एका नवऱ्यालाच तिनं अडवलं. त्याची बायको खरोखरच उन्हानं भोवंडली होती. मालक तौफिक सगळ्यांदेखत खेकसला होता, "पुन्हा माझ्या गिऱ्हाइकाच्या वाटेला गेलीस तर याद राख!"

म्हणून ऑगस्टातल्या त्या दुपारी ती आधी गप्पच राहिली. लमीस नावाची मुलगी मघाशीच तिच्याशी गप्पा मारत केस विंचरून गेली होती. "औषधं चालू आहेत, मावशी. नुसत्या लिंबूसरबतावर दिवस काढतेय," म्हणाली होती. आता पांढऱ्या सदऱ्यातला एक देखणा माणूस तिला बखोटीला धरून खोलीच्या दारावरून गाडीकडे नेत होता. मान लुळी, पाय वाळूत फरफटत.

नुहादला राहवेना. "काय झालं हिला?"

"जास्त झाली, मावशी. माझी मावसबहीण आहे, घरी सोडतो."

"ही तर सरबत पीत होती!"

"मग ऊन लागलं असेल."

आधी दारू, मग ऊन. "तुझ्या मावशीचं नाव सांग. फोन लावते तिला."

"तुम्हाला कशाला नसती पंचाईत?"

"अरे, सख्ख्या मावशीचं नाव विसरलास होय?"

तौफिक धावत आला. "झालं हिचं सुरू!"

नुहादनं लमीसला कमरेत धरून खोलीत ओढलं, आतून कडी घातली आणि रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेला फोन लावला. दारावर थापा पडत होत्या. मुलीला कुशीवर वळवून ती तिचा अडकत अडकत येणारा श्वास ऐकत बसली. आपलं पुन्हा चुकलं असेल तर?

रुग्णवाहिका आली तेव्हा तो माणूस पसार झाला होता.

सरबतात गुंगीचं औषध होतं. तशीच गाडीत उताणी पडली असती तर श्वास थांबला असता, असं डॉक्टर म्हणाले. लमीसला काहीच आठवेना. नुहादला भेटायला आली तेव्हा ती एकच विचारत राहिली, "मी त्याच्याशी हसून बोलत होते का?"

"बोलली असशील, पोरी. हसणं काय गुन्हा आहे?"

तौफिकनं पोलिसांना सांगितलं, "मी त्याला ओळखत नाही." गेल्याच आठवड्यात दोघांना एका टेबलावर मासे खाताना नुहादनं पाहिलं होतं. तिनं तेही पोलिसांना सांगून टाकलं. तिची नोकरी गेली. तो माणूस अजून सापडलेला नाही. तौफिकला मात्र पोलिसांनी दोनदा बोलावून नेलं.