मास्तरांची चोवीस तारीख

दानियल मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडताना. रोज सकाळी अंघोळ झाली की ते कालच्या तारखेचं पान फाडत, चौकोनी घडी घालून खिशात ठेवत आणि मगच चहाला बसत. मी अनसिंगच्या बोर्डाच्या शाळेत नवा गुरुजी होतो आणि त्यांच्या घराला लागून असलेली खोली भाड्यानं घेतली होती. दुसरं महायुद्ध अजून व्हायचं होतं. "दिवस सरल्याबिगर त्याचं पान फाडू नाही अन् उगवल्याबिगर त्याचं नाव घेऊ नाही," असं ते मला म्हणाले. मला वाटलं, माणूस चक्रम दिसतो.

मास्तर मिशनच्या लहानशा शाळेत शिकवत. गावात ख्रिस्ती घरं मोजून तीन. चर्च नव्हतं, घंटा नव्हती. रविवारची प्रार्थना मास्तरांच्या ओसरीवर व्हायची. अंगणात तोंड फुटलेल्या रांजणात त्यांनी सुरूचं झाड लावलं होतं. वाशीमच्या मिशनच्या बंगल्यावरून आणलेलं बोटभर रोप छातीएवढं झालं होतं. नाताळाला तो रांजण घरात यायचा आणि सहा जानेवारीला बाहेर जायचा. झाडाला ते कापसाची फुटलेली बोंडं टांगत. साहेबाच्या देशात म्हणे झाडावर बर्फ असतो. मास्तर म्हणत, "बर्फ कोनं पाह्यला? आपल्या वऱ्हाडात देवानं कापूस देल्ला."

पण झाड आत घ्यायचं ते चोवीस तारखेलाच, दिवे लागताना. आदल्या दिवशीसुद्धा नाही. शेजारच्या मळ्यातली माळीमंडळी झेंडू घेऊन तेवीसलाच आली, तर मास्तर फुलं ओल्या फडक्यात ठेवून माणसं परत पाठवत. "आधी मांडलं का सण शिळा होते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी मात्र तो सोहळा कधी पाहिला नाही. चोवीसला आमच्या शाळेला सुट्टी लागायची आणि मी सकाळीच बैलगाडीनं मेडशीला, माझ्या घरी निघायचो.

त्यांची एकुलती एक मुलगी रूथ. लग्न करून नागपूरला दिलेली, नाताळाला माहेरी येणारी विशीची पोर. माझ्या तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती क्षय घेऊन माहेरी आली. तिला गाडीतून उतरवलं तेव्हा मास्तरांनी एकट्यानं उचलून आत नेलं, इतकी ती हलकी झाली होती. डिसेंबर लागता लागता वाशीमच्या डॉक्टरांनी औषध बदललं नाही, नुसतं "तिला आवडेल ते खाऊ घाला" म्हणाले. सारूबाईंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, त्याचा अर्थ लगेच कळला.

खायचं रूथला काहीच नको होतं. तिला झाड हवं होतं. "बाबा, यंदा जरा लवकर आना नं," असं ती रोज म्हणायची आणि मास्तर रोज म्हणायचे, "चोवीसले आनू, माय." सारूबाई पदराआड रडायच्या. एक दिवस माझी सहनशक्ती संपली. विहिरीवर मास्तर एकटे भेटले तेव्हा मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पोरीपेक्षा नियम मोठा आहे का, असं तावातावानं विचारलं.

मास्तर बादली तशीच धरून उभे राहिले. "गुरुजी, आज झाड आत घेतलं म्हंजे पोरगी चोवीसपावतो राह्यत नाही, हे मी माह्या हातानं कबूल केलं. काहून कबूल करू मी? तुमी सांगा."

मी बाप नव्हतो. मान खाली घालून घरी आलो, आणि त्या दिवशी शाळेत एका पोराला उगीचच मारलं.

चौदा तारखेला सकाळी मास्तर माझ्या दारात आले. मूठ घट्ट मिटलेली. ती त्यांनी माझ्यापुढे उघडली. आत कॅलेंडरची दहा पानं होती, चुरगळलेली.

"आज चोवीस हाय, गुरुजी. पोरीले मी तसं सांगतलं. संध्याकाळी रांजणाले हात लावा."

मळ्यातली मंडळी झेंडू घेऊन आली. पोराबाळांनासुद्धा बजावलं होतं, कुणी चकार शब्द काढला नाही. रांजण विलक्षण जड होता. दिवाळीच्या उरलेल्या पणत्या लागल्या, बोंडं टांगली, सारूबाईंनी नाताळाचं गाणं धरलं. रूथ उशीला टेकून बघत होती. बघता बघता तिची नजर माझ्यावर आली.

"गुरुजी, गाडी चुकली का मेडशीची?"

चोवीसला मी गावात असतो कुठे? सगळ्या गल्लीला पढवलं आणि मी स्वतःच तिथं उभा! मी काहीतरी पुटपुटलो. मास्तर खाली वाकून पणती सारखी करत होते. रूथ हसली आणि तिनं हळूच ओठांवर बोट ठेवलं. बापाला कळू देऊ नका, एवढंच.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुढल्या वर्षापासून मास्तर चौदा तारखेलाच रांजण आत घेऊ लागले. दिवे लागताना मला हाक मारायचे, "चला गुरुजी, आपली चोवीस आली." गल्लीतही ते नाव रूढ झालं. रांजण जागेवर टेकला की ते दर वर्षी विचारायचे, "पोरीले कळलं तं नसन नं?" मी म्हणायचो, "नाही मास्तर, कसं कळेल?" ते आयुष्यात एकदाच खोटं बोलले होते. ते मी सांभाळत राहिलो. दुसरं माझ्या हातात काय होतं?

सातव्या वर्षी माझी बदली झाली. शेवटच्या चौदा तारखेला रांजण ठेवून आम्ही दम खात बसलो होतो. मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. मग ते झाडाकडे बघत म्हणाले, "तुमी आता चालले, तं सांगून टाकतो. त्या चोवीसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या शाळेची घंटा वाजली. मी तिच्या उशाशीच होतो. नाताळले कुठं शाळा ऱ्हाते? तं पोरगी मले म्हने, 'बाबा, आयका, चर्चची घंटा किती गोड वाजून राह्यली.'"

त्यांनी माझा हात धरला.

"आपल्या गावात चर्चची घंटा कुठं हाय, गुरुजी?"