मोटेच्या चामड्याचा ब्रेक

वामनराव गेल्याची बातमी मला कल्याणच्या बंदरावर कळली. सकाळचा फेरफटका मारून मी एका ओळखीच्या मिठाच्या व्यापाऱ्याकडे टेकलो होतो. पहिल्या आगगाडीने ठाण्याहून आलेला कोर्टातला एक कारकून समोर येऊन म्हणाला, "मास्तर, तुमचे मेहुणे पहाटे गेले." माझ्या हातात अडकित्ता होता. मी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि मग उठलो. घरी येऊन अंघोळ केली; ती करावीच लागते. डोळ्यांतून पाणी काही आलं नाही, आणि ते आणण्याचा मी प्रयत्नही केला नाही.

आज त्या गोष्टीला काही आठवडे झाले. ठाण्याच्या साप्ताहिकाचे चालक म्हणाले, "तुम्ही त्यांच्या पत्नीचे सख्खे बंधू. दोन शब्द तुमचेच हवेत." त्यांच्याच मागच्या अंकात वामनरावांना 'उदार', 'सत्शील' आणि 'गोरगरिबांचे कैवारी' अशी विशेषणं लावलेली मी वाचली होती. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे, पण खोटंही बोलू नये असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. हे वामनराव ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते, आणि सुपारीचं खांड अर्धं खाऊन अर्धं पगडीत ठेवणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला. भाजीवालीशी घासाघीस करताना दोनदा उठून जायचं आणि तिसऱ्यांदा परत यायचं, हा त्यांचा नेम होता. माझी धाकटी बहीण अंबू या घरात पडली तेव्हा आमच्या वडिलांना वाटलं, मुलीनं नशीब काढलं. सरकारी नोकरी, तळ्याजवळ घर, परसात विहीर... काय कमी होतं!

अशा माणसाला एके दिवशी ऐटीची हौस आली. कुणी एक साहेब नोकरी आटोपून विलायतेला निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. टेबलं-खुर्च्या लोकांनी नेल्या. वामनरावांनी साहेबाची फेटन, म्हणजे चारचाकी घोडागाडी, उचलली. गाडी देखणी होती, हे मलाही कबूल करावं लागेल. गर्द हिरवा रंग, आत मऊ गाद्या, दोन्ही बाजूंना पितळी दिवे, खाली कमानी अशा की पोटातलं पाणी हलू नये. स्वस्तात मिळाली ती एका कारणानं. तिचा ब्रेक मोडला होता. हा विलायती ब्रेक म्हणजे गाडीवानाच्या हाताशी एक लोखंडी दांडी आणि तिच्या टोकाला मागच्या चाकाच्या धावेवर, म्हणजे लोखंडी पट्टीवर, दाबला जाणारा एक ठोकळा, बस्स. पण मुंबईच्या गाड्यांच्या कारखान्यात चौकशी केली तर त्यांनी सांगितलं, हा सुटा भाग आगबोटीनं मागवावा लागेल. किंमत ऐकून वामनराव तिथल्या तिथे खाली बसले. "माधवराव," ते मला म्हणाले, "एवढ्यात दुसरी गाडी येईल! असल्या वस्तू इथंच होतात. शोधणारा हवा."

मग तीन वर्षं शोध चालला. गाडी असून हा गृहस्थ पायी कोर्टात जायचा, आणि सुट्टीच्या दिवशी ब्रेक हुडकायला बाहेर पडायचा. मुंबईच्या जुन्या बाजारातून एक ब्रेक आणला तो डाव्या हाताचा निघाला. तो उलटा बसवून पाहिला, तर दांडी गाडीवानाच्या बरगडीत शिरू लागली. कल्याणच्या रेल्वेयार्डात माझी ओळख आहे असं कळल्यावर माझ्या मानगुटीवर बसले. मी लाजेकाजेस्तव भंगारातला एक लोखंडी ठोकळा मिळवून दिला. कोहळ्याएवढा होता तो, त्यानं पहिल्याच फेरीत चाकाची धाव खरवडून काढली. शेवटी माजिवड्याचा अंतोन सुतार भेटला. हा किरिस्ताव सुतार वामनरावांच्या तोडीस तोड चिकट आणि वर बोलघेवडा. त्यानं बाभळीचा ठोकळा घडवला आणि त्यावर एका वाडीतल्या फाटक्या मोटेचं चामडं ठोकलं. विहिरीचं पाणी ओढून ओढून सडलेलं चामडं ते! मी नाक मुरडलं तर अंतोन म्हणाला, "मास्तर, बाभल हाय ही. तुमचं राव मरतील, पन ठोकला नाय मरनार." वामनराव खूश. विलायती ब्रेकच्या किमतीत त्यांचे असे दहा ठोकळे झाले असते, हे त्यांनी ठाण्यातल्या प्रत्येक माणसाला निदान एकदा तरी ऐकवलं असेल.

ब्रेक लागायचा, नाही असं नाही. पण ओरडायचा. दांडी ओढली की सांध्यातून एक किंचाळी निघायची आणि चाकाला ठोकळा टेकला की दुसरी. पोरं मागे धावायची, रस्त्यातल्या म्हशी बुजायच्या. गाडी तळ्याच्या वळणावर आली की इकडे घरी अंबू पाय धुवायचा तांब्या भरून मागच्या पडवीत नेऊन ठेवायची. इतका तो आवाज पक्का. मी थट्टा सोडली नाही. "वामनराव, गाडीला घोडा जुंपलाय की गाढव?" असं चारचौघांत विचारायचो. अंबूलाही म्हणायचो, "तुझे धनी आले बघ, खिंकाळतायत." ती तोंडाला पदर लावून हसायची.

लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी अंबूला दिवस गेले. नवस-सायास, उपास-तापास सगळं करून झालं होतं. आशा सोडली होती. आमच्या आईनं हाय खाल्ली होती ती उठून बसली. सातवा सरल्यावर तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं. दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला. पंचांग बघायला नको. मी आदल्या संध्याकाळी ठाण्याला पोचलो. खंडेनवमीची पूजा झाली होती. विळी, अडकित्ता, पाटा-वरवंटा सगळं तेलपाणी करून, हळदकुंकू लावून ओळीनं मांडलेलं. मी म्हटलं, उद्या आगगाडीनं जाऊ, तासाभराचं काम. वामनराव म्हणाले, "छे! रेल्वेत गर्दी, धक्के. आमच्या गाडीला कमानी आहेत. बाळकुमवरून तरीनं खाडीपलीकडे जाऊ, भिवंडीच्या रस्त्यानं कोनला, की समोर कल्याण. फुलासारखी नेतो." पहिल्यांदाच मला तो माणूस बरा वाटला.

बाळकुमला खाडीकडे उतरणारा रस्ता आहे. दोन्ही अंगांना मिठागरं, मध्ये बांधासारखी वाट, आणि खाली तरीचा धक्का. गाडीवान कादर पुढे, मी आणि वामनराव एका बाजूला, समोर अंबू, मांडीवर ओटीचा नारळ. उतार लागला. कादरनं दांडी ओढली... आणि आवाज आला नाही. त्या ब्रेकची आम्हांला इतकी सवय होती की ती शांतता ऐकून आम्ही तिघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. गाडी थांबण्याऐवजी घोड्याच्या ढुंगणावर जाऊन आदळली. घोडा उधळला, कादर ओरडला, चाक बांधावरून सुटलं, आणि आम्ही सगळे मिठागराच्या चिखलात फेकले गेलो. मला खरचटलं, वामनरावांचं मनगट मोडलं. अंबू नारळ पोटाशी धरून कुशीवर पडली होती.

मिठागरातले आगरी धावत आले, त्यांनी तिला बाजेवर घेतलं. तेवढ्यात कादरनं ठोकळ्याला हात लावला, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाला, "साहेब, तेल! ब्रेकला तेल कोणी लावलं?" अंबूचे डोळे उघडे होते. वामनरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "मी लावलं. काल खंडेनवमी होती ना."

बाळ वाचलं नाही. मुलगा होता. पुढे अंबूची कूस पुन्हा उजवली नाही.

मी तेव्हाच ठरवलं की या माणसाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. वीसेक वर्षं घेतलं नाही. अंबूला भेटायला जायचो, पण ओट्यावर बसायचो आणि तिथूनच निघायचो. ब्रेकला तेल लावणारा मूर्ख, आणि मुळात मोटेच्या चामड्याचा ब्रेक लावणारा कृपण! बायकोच्या पोटातलं पोर गेलं तरी ज्याला नवा ब्रेक घ्यावासा वाटला नाही, त्याला माणूस का म्हणायचं? हो, घेतला नाही. गाडी दुरुस्त करून आणली आणि तोच ठोकळा, तीच दांडी, तीच किंचाळी घेऊन सगळ्या ठाण्यातून मिरवत राहिले. आवाज आणखीच वाढला होता. लोक हसायचे, यांच्या चेहऱ्यावरची माशी उडायची नाही. एका लग्नात भर पंक्तीत मी म्हटलं, "ज्याला चाक थांबवायची अक्कल नाही, त्यानं यजमान म्हणून मिरवू नये."  वामनरावांनी उपरणं सारखं केलं आणि वाढप्याला म्हणाले, "माधवरावांना मठ्ठा वाढा." निगरगट्टपणाला काही सीमा! मी ओट्यावर आलो की दरवेळी दारात येऊन "माधवराव, आत या" म्हणायचे, मी तोंड फिरवायचो, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. गेल्या चैत्रात शेवटचं म्हणाले. दम लागत होता त्यांना, दाराची चौकट धरली होती. मी तेव्हाही वळून पाहिलं नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी कल्याणला एका बैठकीत लिहिला आणि छापायला देण्यापूर्वी ठाण्याला नेला. अंबू म्हणाली, काय लिहिलंयस ते वाचून दाखव. मी ओट्यावर बसून वाचलं, ती उंबऱ्याच्या आत. कैवारी आणि सुपारीपाशी ती हसलीसुद्धा. वाचून झाल्यावर म्हणाली,

"दादा, एक वाक्य चुकलंय."

"कुठलं?"

"तेलाचं. तेल मी लावलं होतं."

मला आधी कळलंच नाही. तिनं सगळं सांगितलं, हळूहळू, फरशीवर बोट फिरवत. विळीला लावलं, अडकित्त्याला लावलं, पाट्याला लावलं. मग समईत तेल उरलं होतं ते घेऊन परसात गेली. "गाडी पण हत्यारच ना रे घरातलं? दांडीला लावलं, ठोकळ्याला लावलं, चाकाच्या धावेला लावलं. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या की लावतो तसं. तो मेला किती ओरडायचा... आणि तू येणार होतास. म्हटलं, तू पुन्हा हसशील."

"त्यांना ठाऊक होतं?"

"त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. माझ्याकडे बघून बोलले ना तिथं, बांधावर... तेव्हाच समजले मी. त्यानंतर दर खंडेनवमीला गाडीची पूजा स्वतः करायचे. कोरडं कुंकू, कोरडी हळद. तेलाचा बुधला परसात नेऊ द्यायचे नाहीत कुणाला. दांडीच्या सांध्यालासुद्धा नाही. लोक हसले तरी ओरडू दे म्हणायचे, ओरडतोय म्हणजे लागतोय."

मी म्हटलं, "हे छापायचं नाही. वरचं सगळं फाडून टाकतो."

"फाडू नकोस," ती म्हणाली. "तुला जे वाटलं ते तू लिहिलंस. मी बोलले तेही लिही. वीस वर्षं तू त्यांना बोलत होतास आणि मी आत बसून ऐकत होते. आता ते नाहीत, मी कुणाच्या आड लपू?"

म्हणून वरचा एक शब्दही मी खोडलेला नाही. हे वाचून मी विरघळलो असं कुणी समजू नये. माझा संताप उलट वाढला आहे. अरे, एकदा तरी तोंड उघडायचं! भर पंक्तीत मठ्ठा कसला वाढतोस, एक शब्द बोलायचा होतास. परत येताना मी मनाशी भांडत होतो, की काही झालं तरी चिक्कूपणा खरा, विलायती ब्रेक घेतला असता तर... आणि मग लक्षात आलं की खंडेनवमीला अंबूनं त्यालाही तेल लावलंच असतं. एवढंही भांडण त्या माणसानं माझ्यापाशी शिल्लक ठेवलं नाही.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी परसात गेलो. घोडा विकला आहे, कादर भिवंडीला लेकाकडे गेला, अंतोन तर कधीच वारला. गाडी तेवढी गोठ्याच्या छपराखाली उभी आहे, दिवे काळे पडलेत, रंगाचे पोपडे निघालेत. बाभळीचा ठोकळा मात्र तसाच. मी दांडीला हात घातला आणि ओढली. तीच ती किंचाळी, परसभर घुमली. चिंचेवरचे कावळे उडाले.

आत स्वयंपाकघरात तांब्या बुडाल्याचा आवाज आला. मग पावलं. अंबू मागच्या पडवीत आली, पाण्यानं भरलेला तांब्या पायरीवर ठेवला, आणि मान वर करून पाहिलं तर मी.

 तांब्या आत नेण्यासाठी ती वाकली, तेवढ्यात मी पुढे झालो, त्या पाण्यानं पाय धुतले आणि घरात गेलो.