नवसीच्या घरची मूठ

नवसीचा आवाज चढला की मासवणच्या बाजारातले दुकानदारही चार शब्द गिळत. हा आवाज तिनं हौसेनं कमावला नव्हता. नवरा जिव्या वीटभट्टीवर गेला तो परतलाच नाही. मेला म्हणावं तर निरोप नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. मागं उरली म्हातारी सासू जिवली, उतारावरचा भाताचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यावर डोळा ठेवून बसलेला थोरला दीर झिपरू. अशा बाईनं हळू बोलायचं कुणासाठी?

साल सहासष्टचं. भात झोडून झालं होतं, पौषाची थंडी हाडात शिरत होती. मासवणच्या पलीकडच्या त्या पाड्यावर हिवाळ्यात एक दिवस डोंगरदेवाला जायची रीत. पहाटे चढायला लागायचं, दिवेलागणीला परत. प्रत्येक घरानं आपल्या खळ्यावरच्या नव्या तांदळाची एक मूठ पळसाच्या पानात बांधून न्यायची. वर माथ्यावर सगळ्या मुठी एकाच मडक्यात शिजत. एका घराची मूठ नसली तर मडकं चुलीवर चढत नसे. आणि ज्याच्या हातून मूठ मडक्यात पडेल, तो त्या घराचा आणि शेताचा धनी. तलाठ्याच्या दप्तरात काय लिहिलंय ते पाड्यावर कोण वाचायला बसलंय? पाड्याचा न्याय त्या मडक्यात.

संध्याकाळी झिपरूच्या अंगणात बेत ठरत होता. तारापूरच्या बांधकामावर खडी फोडणारे गडीही खाडा करून आले होते. कोंबडा कुणी धरायचा, मडकं कुणी घ्यायचं, झऱ्यावर पेज कधी प्यायची.

"गवत औंदा छातीभर हाय," चिंतू म्हणाला. पाड्यातला सगळ्यात तोंडाळ गडी. "पुढं चालनाऱ्यानं कोयता घ्या. आन् झिपरूदादाला मधी ठेवा, घसरला तर दोनी बाजूनं धरता येल."

सगळे हसले. बायकांच्या घोळक्यातून नवसी उठली.

"माझ्या घरचं कोन जातंय?"

"मी हाय ना," झिपरू शेकोटीत काडी सारत म्हणाला. "दोनी घरच्या मुठी मीच नेतो."

"तुझ्या घरचा तू. माझं घर तुला कवा दिलं?"

"बाई वर जात नाय."

"असं देव म्हनतो का तू?"

"जिव्या असता तर..."

"जिव्या असता तर तुझी जीभ एवढी लांब नसती, दादा! भात लावायला बाई चालते, कापायला चालते, झोडायला चालते. मूठ टाकायलाच तिचा हात झडतो काय?"

"हात नाय झडत," चिंतू पुटपुटला, "दादाची झोप उडते."

"चूप रे!" झिपरू खेकसला.

"ऐका सगळी," नवसी म्हणाली. "माझी मूठ माझ्या हातून पडंल. नायतर पडनारच नाय." आणि पाठ फिरवून निघाली.

पहाटे ती उठली तर कांडून ठेवलेल्या तांदळाच्या मडक्यावरचं झाकण बाजूला. चुलीपाशी जिवली तोंड फिरवून बसलेली.

"आये, मूठ कुठं हाय?"

"दिली. झिपरूबी माझाच पोर हाय. पाड्याशी वाकडं घेऊन जगशील कशी गं?"

नवसी संतापानं तशीच धावत सुटली.

डोंगराच्या वाटेवरल्या झऱ्यावर गडी पेज पीत बसले होते. मधोमध टोपलीत सगळ्या घरच्या पुड्या. जिवलीच्या लुगड्याची चिंधी बांधलेली पुडी नवसीनं उचलली.

"ठेव खाली!" झिपरू उभा राहिला.

"हात लावून बघ."

वाटी खाली ठेवून चिंतू म्हणाला, "येऊ दे तिला, दादा. एका बाईनं डोंगर काय खचनार नाय." दोघाचौघांनी माना डोलावल्या. उजाडून ऊन माथ्यावर दिसू लागलं होतं. झिपरूनं सगळ्यांची तोंडं न्याहाळली, सावध झाला, आवाज गोड केला.

"बरं, ये. पन पुडी माझ्याकडं दे. वर मी टाकीन. तू बघ."

"दे गं, मिटव आता," कुणीतरी म्हणालं.

मिटव! शेत तिचं जाणार, आणि मिटवायचंही तिनंच!

नवसीनं चिंधी सोडली. पान उघडलं. देवाचा तांदूळ तळहातावर घेतला आणि सगळ्यांच्या देखत तोंडात टाकला. कच्चाच. कचाकचा चावत ती झिपरूच्या डोळ्याला डोळा लावून उभी राहिली, शेवटचा दाणा गिळेपर्यंत.

त्या वर्षी कुणी डोंगर चढलं नाही. गडी शिव्या घालत खाली उतरले. पाड्यानं नवसीला चुलीचा विस्तव द्यायचं बंद केलं, विहिरीवर बायका तिला बघून सरकून उभ्या राहू लागल्या. चिंतूही रस्ता बदलून जाई. पाऊस लागला तेव्हा तिच्या लावणीला एक माणूस आलं नाही. ती आणि जिवली, दोघीच चिखलात वाकलेल्या. म्हातारी मधेच कण्हायची, पण रोप सोडायची नाही.

झिपरू बैल घेऊन बांधापर्यंत येई. मूठ त्याच्याही हातून पडली नव्हती, आणि सगळा पाडा बघत असे. थोडा वेळ उभा राही, थुंके, आणि बैल वळवी.