तीन आणि दोन

पंजाबातल्या बर्नाल्याजवळच्या त्या गावात गुरुद्वारे दोन होते, एक जमीनदार जाटांचा आणि एक मजहबी, म्हणजे दलित शिखांच्या वस्तीचा. वस्तीतल्या बचिंत कौरने जन्मभर जाटांच्या गोठ्यातलं शेण काढलं. म्हातारपणी तिला एकच आस लागली होती, आपल्याच गावात अमृताची दीक्षा घेऊन खालसा व्हायची.

अमृत द्यायला मात्र आधी दीक्षा घेतलेले पाच अमृतधारी लागतात. वस्तीत दोघेच होते.

"शहरातून पाच जणांचा जत्था बोलावू, बेबे," वस्तीच्या गुरुद्वाऱ्यात पाठ करणारे ग्रंथी म्हणाले.

"कशाला? वर जाटांच्या गुरुद्वाऱ्यात तिघं आहेत की."

"ते आपल्यासोबत बसतील होय?"

बचिंत कौर काठी टेकत थेट वर गेली. त्या तिघांतले अजैब सिंग अंगणात खाटेवर बसले होते.

"सरदारजी, तुमच्या सुनेलाही अमृत घ्यायचंय म्हणे. उरलेले दोघं काय आभाळातून आणणार?"

अजैब सिंग दाढीतल्या दाढीत हसले. "म्हातारे, गोठ्यात तर कधी तोंड उघडलं नाहीस!"

"तिथं म्हशी होत्या. त्यांना काय सांगायचं?"

संक्रांतीच्या सकाळी वरचे तिघं आणि वस्तीतले दोघं असे पाचही जण एकाच लोखंडी कटोऱ्याभोवती बसले. बत्तासे विरघळेपर्यंत आणि पुढेही पाण्यात खंडा, ती दुधारी तलवार, फिरत राहिला. शेवटी उरलेलं अमृत दीक्षा घेणाऱ्या सगळ्यांनी त्याच कटोऱ्याला तोंड लावून प्यायचं असतं. बचिंत कौर प्यायली. पुढची पाळी अजैब सिंगांच्या सुनेची होती. बचिंत कौर सवयीने ओढणीने कटोऱ्याची कड पुसू लागली, तशी सुनेने तिचा हात धरला.

"राहू दे, बेबे," ती म्हणाली आणि तिथेच ओठ लावून प्यायली.